वर सायकल आहे

"घ्या मॅडम, तुमचं कॅरियर! ह्याच्यावर सिमेंटची गोणी टाका, नाहीतर गॅसची टाकी बांधा... वाकलं तर मला येऊन सांगा."

रोहिणीने काउंटरवरच्या त्या वस्तूकडे पाहिलं. काळी, लोखंडी, दणकट, वर स्प्रिंगचा चाप. दूधवाल्याच्या सायकलला सीटच्या मागे असतं ना, अगदी तस्सं!

"हे काय आहे?"

"सायकलचं कॅरियर. काल तुम्हीच फोनवर सांगितलं ना, सायकलचं कॅरियर पाहिजे, एकदम मजबूत, हलता कामा नये म्हणून? आम्ही खरं तर कारचंच सामान विकतो. पण गिऱ्हाईक पहिल्यांदा फोन करतंय, नाही कशाला म्हणायचं? सकाळी स्वतः जाऊन आणलं."

"अहो, मला सायकलवर लावायचं कॅरियर नकोय."

"मग?"

"सायकल ज्याच्यावर लावायची ना, ते कॅरियर पाहिजे!"

तो बिचारा क्षणभर त्या चापाकडे बघत राहिला. "म्हणजे... सायकलच्या खाली लावायचं?"

"कारच्या वर! किंवा मागे! कारने सायकल न्यायचीय मला, धुळ्याला!"

त्याच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला आणि त्याचबरोबर दोन्ही कान लालभडक झाले. इतके लाल, की चिडायच्या तयारीत असलेल्या रोहिणीला हसूच फुटलं. तोही हसला. मुंबई नाक्याजवळच्या त्या एवढ्याशा दुकानात, सीट कव्हरं आणि हॉर्नच्या गर्दीत, दोन अनोळखी माणसं एका लोखंडी चापावरून पोट धरून हसत होती. शेजारचा टायरवाला दीपक डोकावून बघून गेला.

"समर्थ काकड," हसू आवरून तो म्हणाला. "दुकान माझंच. आता नीट सांगा. धुळ्याला काय आहे?"

आता हे सांगायचं म्हणजे दोन वर्षांची कहाणी. रोहिणी गांगुर्डे, वय अठ्ठावीस, देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत मराठी शिकवते. उंची पाच फूट एक इंच, आणि हट्ट त्याच्या दुप्पट. धुळ्याहून दरवर्षी जानेवारीत एक राईड निघते. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. पहिल्या वर्षी तिने सायकल पिंपळगावहून जाणाऱ्या कांद्याच्या टेम्पोत टाकून पाठवली. गोण्यांखाली दबून मागचा गिअर वाकला आणि चाळीस किलोमीटरवर राईड संपली. दुसऱ्या वर्षी पप्पांची अल्टो नेली. चाकं काढून सायकल मागच्या सीटवर कोंबली. पहाटेच्या अंधारात, थंडीने बधिर बोटांनी ती जोडताना ब्रेक अडकला आणि निघायलाच पाऊण तास उशीर झाला. शेवटी वीस मिनिटांनी वेळ हुकली. वर पप्पांच्या सीट कव्हरला चेनचं काळं ग्रीस लागलं, ते वेगळंच. तेव्हापासून गाडीच्या आत सायकल आणायला बंदी!

"या वर्षी मी वेळेत निघणार आणि वेळेत पोचणार," रोहिणी म्हणाली. "नाही जमलं तर सायकल विकून टाकणार. शाळेत सगळ्यांना सांगून बसलेय."

"विकणार?"

"विकणार. त्यामुळे जमायलाच पाहिजे. बारा दिवस आहेत."

समर्थने तिच्याकडे पाहिलं. थट्टेने नाही, अगदी मन लावून. मग ते दूधवाल्याचं कॅरियर उचलून त्याने काउंटरखाली ठेवून दिलं.

"खोटं कशाला बोलू? असलं कॅरियर मी आजवर विकलेलं नाही. दोन दिवस द्या, सगळी माहिती काढतो. गुरुवारी गाडी घेऊन या. सायकल पण. आणि ज्यांची गाडी आहे, त्यांनाही आणा."

गुरुवारी रोहिणी आली ती गाडी, सायकल आणि पप्पा, सगळा लवाजमा घेऊन. रंगनाथ गांगुर्डे तीस वर्षं आरटीओत कारकुनी करून निवृत्त झाले होते. अल्टो त्यांनी निवृत्तीनंतर घेतली आणि अजूनही ते तिला ओल्या कपड्याने पुसत नसत. ओल्याने डाग राहतात म्हणे.

समर्थने आधी मागचं कॅरियर दाखवलं. पट्ट्यांनी डिकीला बांधायचं, सायकल मागे टांगायची. सोपं, हलकं, रोहिणीच्या उंचीलाही बरं. तिला बघताक्षणी आवडलं.

पप्पा गाडीमागे गेले. वाकले. "नंबर प्लेट दिसत नाही."

"थोडीशी झाकली जाते काका, पण..."

"थोडीशी?" पप्पांनी चष्मा नीट केला. "तीस वर्षं मी नंबर प्लेटांच्या फायली सांभाळल्या. आता माझीच झाकून हायवेवर पाठवू? आणि मागचा लाल दिवा? मागून येणाऱ्या ट्रकला काय दिसणार, सायकलचं चाक?"

"दुसरं एक आहे," समर्थने घाईने सांगितलं. "गाडीखाली हूक बसवायचा, त्याच्यावर कॅरियर. एकदम भक्कम. फक्त जरासं वेल्डिंग..."

"वेल्डिंग? माझ्या गाडीला?"

हूक तिथेच बाद झाला.

राहिलं छतावरचं. दोन आडव्या दांड्या, खाली रबराचे पाय, दारांच्या कडांना घट्ट बसणारे. वर एक लांब पन्हळ, तिच्यात सायकलची दोन्ही चाकं उभी राहणार आणि एक लोखंडी हात सायकलची तिरकी नळी धरून ठेवणार. भोक नाही, ओरखडा नाही, नंबर प्लेट मोकळी. पप्पांनी प्रत्येक रबराखाली बोट घालून बघितलं.

"पुढचं चाक काढून लावायचंही मिळतं," समर्थ रोहिणीला म्हणाला. "सायकल जरा खाली बसते, वारा कमी लागतो. पण तुम्हाला ते नको असणार."

"का?"

"पहाटे, अंधारात, थंडीत परत चाक जोडायचं... तुम्हीच सांगितलं ना त्या दिवशी."

रोहिणीने चमकून वर पाहिलं. एवढं सगळं लक्षात ठेवलं होतं याने?

"हे ठीक आहे," पप्पा म्हणाले. "पण वर चढवणार कोण? हिचा हात घरात कपाटाच्या वरच्या फळीला पोचत नाही."

समर्थने तोंड उघडलं. त्याच्या आत रोहिणी बोलली, "मी चढवणार. एकटी. धुळ्यात तिथे मदतीला कोण बसलंय?" मग त्याच्याकडे वळून, "रोज शाळा सुटल्यावर मी इथे येते. सराव करते. चालेल?"

"चालेल काय... धावेल."

"एक अट आहे. तुम्ही हात लावायचा नाही."

"आणि सायकल माझ्या डोक्यात पडली तर?"

"तर डोकं लावू नका मध्ये."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता सराव सुरू झाला. अहाहा, काय तो सोहळा! अकरा किलोची सायकल डोक्याच्या वर न्यायची म्हणजे गंमत नाही. पहिल्यांदा हँडल गर्रकन फिरलं आणि पेडल नडगीवर आपटलं. दुसऱ्यांदा मागचं चाक पन्हळीत बसलं, पुढचं हवेत. तिसऱ्यांदा सगळंच खाली. दीपक टायरवाल्याने खुर्ची टाकली. त्याच्याकडे पंक्चरला आलेली दोन गिऱ्हाइकंही काम झालं तरी हलेनात.

आणि समर्थ? तो दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा. सायकल कलंडली की त्याचा एक पाय आपोआप पुढे यायचा आणि तो चावून चावून ओठ लाल करायचा. पण हात सुटले नाहीत.

"सांगू का एक?" शेवटी तो म्हणाला.

"सांगा. हात लावू नका."

"मागचं दार उघडा. दाराच्या उंबऱ्यावर उभ्या राहा. सहा इंच तिथेच मिळतात. आणि आधी पुढचं चाक टेकवा, मग मागचं. सगळं वजन एकदम उचलू नका."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही. मला वाटलं, सांगणं पण हात लावण्यात येतं."

रोहिणी सायकल धरून तशीच उभी राहिली. आजवर तिला मदत करणारे पुष्कळ भेटले होते. तिच्या हातातून वस्तू काढून घेणारे, "द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं" म्हणणारे. मदत करायची इच्छा असून, तिने सांगितलं म्हणून, एवढा जीव खाऊन थांबणारा हा पहिलाच.

चौथ्या दिवशी सायकल वर गेली. पन्हळीत चाकं बसली, लोखंडी हाताने नळी पकडली, पट्टे आवळले गेले. दीपकने टाळ्या वाजवल्या. रोहिणी उंबऱ्यावरून उडी मारून खाली आली ती थेट समर्थच्या पुढ्यात. त्याच्या केसांत एक पिवळी पाकळी अडकली होती. रोजच असायची. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. सकाळी फुलं तोडायची, बाजारात पोचवायची आणि मग दुकान, असा त्याचा दिवस.

तिने हात वर केला आणि पाकळी काढली. आपण काय केलं हे तिला नंतर कळलं.

"तुमचा... हात पोचला की," समर्थ हळूच म्हणाला. कान पुन्हा लाल.

"उंबऱ्यावर नसताना," ती म्हणाली आणि उगाचच पट्टे पुन्हा आवळायला वळली.

त्या रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "पोरगा कामाचा आहे."

"हं."

"सरळ आहे. लबाडी नाही."

"हं."

"पण मखमलाबादचं मोठं घर आहे ते, रोहिणी. आपल्या घरात बुद्धवंदना होते. त्याच्या घरचे उंबऱ्याच्या आत घेतील का तुला? मला तुझा अपमान झालेला बघवणार नाही."

"पप्पा, मी कॅरियर घेतेय."

"तेच म्हणतोय," पप्पा म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले. तिला त्यांचा राग आला नाही. वाईट वाटलं. कारण ते खोटं बोलत नव्हते.

शनिवारी दुपारी धुळ्याला निघताना ती दुकानात आली. समर्थने शेवटचे नट तपासले, छताला धरून अख्खी गाडी हलवून बघितली. मी येऊ का सोबत, असं त्याच्या डोळ्यांत चार वेळा येऊन गेलं. तोंडातून एकदाही नाही. त्याने फक्त स्टिअरिंगच्या मधोमध एक कागद चिकटवला.

"हे कशाला?"

"छतावर सायकल असली की लोक अर्ध्या तासात विसरतात. माहिती काढताना सगळ्यांनी हेच सांगितलं. आणि मग कमानीखालून गाडी घालतात. सायकल पण जाते, छत पण. मधून मधून वाच... म्हणजे, वाचा."

तो असा का अडखळला, हे तिला पिंपळगाव मागे पडल्यावर कळलं. पुढे कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती, गाडी थांबली आणि तिने कागद पहिल्यांदा नीट वाचला.

*वर सायकल आहे. पेट्रोल पंप, कमान, पार्किंग – आधी वर बघ.*

बघ?

बघा नाही. बघ.

रोहिणी मराठीची बाई. वर्षाला हजारभर वह्या तपासणारी. एक काना कमी असला तर तिला झोपेत कळेल. चांदवडचा घाट चढताना तिने ठरवलं की चूक आहे. घाईत राहिला असेल, मुलं करतातच. मालेगाव येईपर्यंत वाटलं, चूक कशी असेल? बाकी अक्षर एवढं सुबक! बाई गं, एका उभ्या रेघेने माणसाचं काय करून टाकावं!

धुळ्यात मावशीच्या सोसायटीत वळताना तिच्या डोक्यात तोच काना होता. समोर पार्किंगचा पत्रा... तिची नजर कागदावर गेली आणि तिने कचकन ब्रेक मारला. पत्रा आणि सायकलीचं सीट यांत जेमतेम वीतभर अंतर उरलं होतं. ती उतरली, वर बघितलं आणि एकटीच मोठ्याने हसली.

रविवारी पहाटे पाच वाजता तिने सायकल खाली घेतली. दोन मिनिटं! जोडायचं काही नव्हतं, अडकायचं काही नव्हतं. सहाला शिट्टी झाली तेव्हा रोहिणी गांगुर्डे पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर, वेळेवर, रेषेवर उभी होती.

शिरपूरपर्यंत मजेत गेली. बिजासनच्या घाटात मांड्या भरून आल्या. सेंधव्याच्या पुढे वळून परत निघाली तर वारा नेमका समोरून. दुपारी पंक्चर झालं, तेही मागच्या चाकाचं. ट्यूब बदलण्यात अर्धा तास गेला. साडेपाच वाजता अजून पंचेचाळीस किलोमीटर उरले होते आणि दोन तास. तिने हिशेब केला. दोन्ही वर्षांचे टोमणे आठवले. स्टाफरूममधलं ते गोड गोड "जाऊ दे गं, भाग घेतला हेच खूप!" आठवलं. विकणार का सायकल? विकणार? नाही! ती दात आवळून वाकली आणि पेडल मारत सुटली. कोणी ढकलणार नव्हतं, कोणी ओढणार नव्हतं. पायच होते फक्त, आणि ते तिचे होते.

सात वाजून एकोणीस मिनिटांनी ती पोचली. अकरा मिनिटं राखून.

गळ्यात पदक पडलं तेव्हा तिला रडू आलं नाही. आलं ते नंतर, पप्पांना फोन लावल्यावर. "झालं, पप्पा," एवढंच ती बोलली. पलीकडून घोगऱ्या आवाजात, "गाडीला काही नाही ना झालं?"

तिथल्या दोन मुलांनी सायकल चढवून देऊ का विचारलं. ती नको म्हणाली. दंड दमले होते, दोनदा खाली घ्यावी लागली. तिसऱ्यांदा चढली.

समर्थचा मेसेज आला होता, नुसतं एक प्रश्नचिन्ह. तिने उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. हे फोनवर बोलायचं नव्हतं.

सोमवारी शाळेला सुट्टी टाकलेली होती. धुळ्याहून ती पहाटेच निघाली ती घरी गेलीच नाही. गाडी थेट मखमलाबादला. बांधापाशी थांबली तेव्हा समर्थ झेंडूचा क्रेट डोक्यावर घेऊन येत होता. छतावरची सायकल बघून जागीच थबकला.

"झालं?"

"अकरा मिनिटं राखून."

त्याने क्रेट खाली ठेवला की टाकला, कोण जाणे, फुलं बांधावर सांडली. "मला माहीत होतं! रात्रभर... उत्तर का नाही दिलं तुम्ही?"

रोहिणीने पर्समधून तो कागद काढला. "हे अक्षर तुमचं?"

"...हो."

"इथे एक काना राहिलाय."

कान? विचारू नका. समर्थ मातीकडे बघत म्हणाला, "राहिला नाही. काढला. आधी 'बघा'च लिहिलं होतं. उजेडात धरा, खोडल्याची खूण दिसेल." मग मान वर करून, "चुकलं असेल तर सांगा. काना परत लावतो."

तिने कागद उन्हाकडे धरला. होती खूण, ब्लेडने अलगद खरवडलेली.

"राहू दे," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी मार्क. आणि तू पण मला आता अहो-जाहो करू नकोस."

"कोण हाय रे, समर्था?"

झेंडूच्या ओळींमधून अंबूबाई उठल्या. समर्थची आई. डोक्याला फडकं, ओटीत फुलं, नजर अशी की एका दृष्टीत माणूस तोलावा. समर्थ काहीतरी बोलायला गेला, पण रोहिणी पुढे झाली.

"मी रोहिणी."

"कोणाची गं तू?"

या प्रश्नाचा अर्थ तिला माहीत होता. अख्ख्या गावाला माहीत असतो. पप्पांची भाकरी मोडणारी बोटं डोळ्यांपुढे आली. 

"उपनगर भागातल्या रंगनाथ गांगुर्ड्यांची. आमच्या घरी जय भीम म्हणतात, मावशी."

अंबूबाईंनी हातातल्या फुलाचं देठ तोडलं. दुसऱ्याचं तोडलं. समर्थ रोहिणीच्या शेजारी येऊन उभा राहिला, इतक्या जवळ की त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग अंबूबाईंनी गाडीच्या छताकडे मान वळवली.

"ही सायकल तिथं वर कोणी चढवली?"

"मी."

"ह्यानं चढवून दिली आसंल."

"नाही. ह्याने हातसुद्धा लावला नाही. मी लावू दिला नाही."

"आन् गाडी?"

"धुळ्याहून मीच चालवत आणली."

"मंग ती शर्यत का काय ती, पोरगं रातभर फोनकडं बघत बसलं व्हतं..."

"ती पण पुरी केली. एकटीने."

अंबूबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. कमरेवर हात ठेवला.

"सगळं तर तूच करतीस. मंग माझ्या समर्थाची तुला गरज काय?"

"गरज काहीच नाही, मावशी," रोहिणी म्हणाली. "आवडतो मला. खूप आवडतो. म्हणून आलेय."

मळ्यात पाण्याची मोटर तेवढी चालू होती. अंबूबाई लेकाकडे वळल्या. "आन् तुला रे?"

दुकानात दिवसभर शुद्ध बोलणारा समर्थ. त्याच्या तोंडून एकच शब्द फुटला.

"लय."

अंबूबाईंनी ओटीतली फुलं क्रेटमध्ये रिकामी केली, हात पदराला पुसला आणि तो रोहिणीपुढे पसरला.

"लाव फोन तुझ्या बापाला."

रोहिणीने लावला. घंटा दोनदा वाजली. पप्पांचं "हॅलो, निघालीस का गं?" ऐकू आलं, तोवर अंबूबाईंनी फोन कानाला लावलाही होता. शेतात हाक मारायच्या खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या,

"जय भीम, दादा. मी समर्थाची आई बोलती. तुमची लेक माझ्या घरी आलीय, जेवून येईल."